विक्री गावापर्यंत येते, दुरुस्ती का येत नाही?

प्रति,
मा. सचिव,
ग्राहक व्यवहार विभाग, भारत सरकार,
कृषी भवन, नवी दिल्ली

सन्माननीय सचिव,


हे पत्र एका लहान वस्तूबद्दल आहे. बॅटरीवर चालणारा, मेमरी कार्ड घेणारा, रेडिओही लागणारा, हातात मावणारा गाण्यांचा डबा. तिरोड्याच्या, साकोलीच्या, गोरेगावच्या बाजारात तो सर्रास मिळतो. नागझिऱ्याच्या जंगलाला लागून असलेल्या आमच्या गावांत तो बऱ्याच घरांत दिसतो आणि त्यातल्या अनेक घरांत तो आता मुका पडून आहे. त्याची बॅटरी बसली आहे, ती बदलून मिळत नाही, आणि ज्याने डबा बनवला तो फोनवर सापडत नाही.

माझी मागणी आधीच सांगतो. ज्या गावापर्यंत वस्तू विकली जाते, त्या गावाच्या आवाक्यात तिची बॅटरी आणि दुरुस्ती मिळाली पाहिजे. ती मिळेल की नाही, हे पैसे मोजण्याआधी खोक्यावर वाचता आलं पाहिजे. यातल्या दुसऱ्या गोष्टीसाठी नवा कायदा लागत नाही. तसा नियम करण्याचा अधिकार आपल्या विभागाकडे आजही आहे.

नागझिरा हे १९७० पासून अभयारण्य आहे आणि डिसेंबर २०१३ मध्ये ते नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग झालं. बाहेरच्या लोकांना ते वाघासाठी, तळ्यासाठी, मुक्कामाच्या ठिकाणी वीज नसलेल्या रात्रीसाठी ठाऊक असतं. व्यंकटेश माडगूळकरांनी या जंगलावर पुस्तक लिहिलं, किरण पुरंदरे यांनी लिहिलं, मारुती चितमपल्लींची या भागातली नोकरी मराठी वाचकांना घरच्यासारखी माहीत आहे. जंगलात गाणी वाजवायला मनाई आहे आणि ती असलीच पाहिजे. मी बोलतोय ते जंगलाबाहेरच्या अंगणांबद्दल. चोरखमारा, मंगेझरी, पिटेझरी, उमरझरी या गेटांच्या आसपासच्या वस्त्यांबद्दल.

इथे मोबाईलचं नेटवर्क भरवशाचं नाही. शहरातला माणूस फोनवर हवं ते गाणं लावतो, तसं आम्हाला जमत नाही. म्हणून गाणी कार्डात भरून घ्यावी लागतात. झाडीपट्टीच्या नाटकांतली पदं, दंडारीचं रेकॉर्डिंग, तुकडोजी महाराजांची भजनं, लग्नात म्हाताऱ्या बायांनी म्हटलेली आणि कुणीतरी फोनवर टिपून ठेवलेली गोंडी गाणी. यातलं पुष्कळसं कुठल्याही गाण्यांच्या अ‍ॅपवर नाही. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायची, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडून त्याचे पुडे बांधायचे, पावसाळ्यात रोवणीला दिवसभर चिखलात वाकून राहायचं, अशा कामांतून घरी आलेल्या माणसाला संध्याकाळी अंगणात तो डबा लागतो. ही आमची करमणूक आहे आणि आमचा ठेवाही आहे.

माझ्या आईला बारीक अक्षर दिसत नाही आणि टचस्क्रीनवर तिचं बोट ठरत नाही. मोठी बटणं असलेला डबा तिच्यासाठी आणला. खोक्यावर लिहिलं होतं की एकदा चार्ज केला की तो कित्येक तास वाजेल, आणि सुरुवातीला तो तसा वाजलाही. मग वेगळाच त्रास सुरू झाला. रात्री पूर्ण चार्ज करून, बटण दाबून बंद केलेला डबा थोडे दिवस वापरला नाही, तर पुन्हा लावताना रिकामा निघायचा. पुढे चार्जिंगच धरेना. वॉरंटीची मुदत अजून बाकी होती. कंपनीच्या हेल्पलाइनवर हिंदी आणि इंग्रजीतून नोंद झाली, तक्रार क्रमांक मिळाला, आणि काही काळाने तक्रार ‘निवारण झाली’ असा संदेश आला. आमच्याकडे कुणी आलं नव्हतं, काही बदललं नव्हतं. पुन्हा फोन केला तेव्हा सांगितलं गेलं की जवळचं सर्व्हिस सेंटर नागपूरला आहे, तिथे स्वतः घेऊन या, नाहीतर कुरिअरने पाठवा. नागपूर म्हणजे आम्हाला जाऊन-येऊन अख्खा दिवस, एका दिवसाची मजुरी आणि बसभाडं. तिथे बॅटरी मिळेलच अशी हमी कुणी दिली नाही. कंपनीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नावं बदलली तरी ही गोष्ट गावोगाव अशीच ऐकू येते.

डबा बंद असताना बॅटरी का उतरते, हे समजून घेणं गरजेचं आहे, कारण दोष तिथेच आहे. लिथियम-आयन सेल नुसता ठेवून दिला तर महिन्याला साधारण दोन-तीन टक्केच उतरतो. मग उरलेली वीज जाते कुठे? आमच्या लहानपणच्या ट्रान्झिस्टर रेडिओला आवाजाच्या बटणातच खटका असायचा. बटण मागे फिरवलं की ‘टक्’ व्हायचं आणि सेलचा संबंध तुटायचा. आजच्या डब्याचं बटण बहुतेक वेळा संबंध तोडत नाही, ते आतल्या चिपला ‘झोप’ एवढाच निरोप देतं. चिप, ब्लूटूथ, रिमोटचा डोळा यांतलं काही ना काही जागंच राहतं. समजा हे जागरण फक्त २ मिलिअँपिअरचं आहे. दिवसाला ४८ मिलिअँपिअर-तास (एमएएच) गेले. बॅटरी १,२०० एमएएचची असेल तर २५ दिवसांत ती रिकामी, एकही गाणं न वाजता. जागरण ५ मिलिअँपिअरचं असेल तर दहा दिवसांत.

खरं नुकसान यापुढे होतं. पूर्ण चार्ज झालेल्या एका सेलचा दाब ४.२ व्होल्ट असतो. तो अडीच व्होल्टच्या आसपास किंवा त्याखाली गेला आणि तसाच राहिला, तर सेल आतून बिघडू लागतो. संरक्षक सर्किट असेल तर ते बॅटरी तोडून टाकतं, आणि मग पुष्कळ डबे चार्जर लावूनही उठत नाहीत. म्हणजे वापरल्यामुळे नव्हे, बंद ठेवल्यामुळे वस्तू मरते. कधीकधी डबा महिनाभर न वापरता फळीवर राहणं हे आमच्याकडे साधं आहे. त्यात आमचा उन्हाळा. मे महिन्यात पूर्व विदर्भात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि बहुतेक लिथियम-आयन सेल ४५ अंशांपर्यंतच चार्ज करावेत असं ते बनवणारेच सांगतात. उष्णतेत हे सेल लवकर म्हातारे होतात. हे विज्ञान नवं नाही. सोनीने १९९१ मध्ये ही बॅटरी बाजारात आणली तेव्हापासून ते अभ्यासलं जातंय. या हवामानात विकायची वस्तू या हवामानासाठी बनवता येते. खरा खटका बसवता येतो, बॅटरी ठरावीक पातळीखाली जाण्याआधी सगळं बंद करणारं सर्किट बसवता येतं. त्याला लागणारा खर्च फार नाही.

तिरोड्याच्या बाजारातल्या दुरुस्तीवाल्या मुलाने डबा उघडून दाखवला. तो हुशार आहे, मोबाईलचे बारीक भाग जोडणं हे त्याचं रोजचं काम आहे. डबा डिंकाने चिकटवलेला होता, उघडताना कड तुटली. आत चपटा सेल तारांनी डाखलेला होता. त्यावर कुणी बनवला, किती क्षमतेचा, कधी बनवला, यातलं काहीच नव्हतं. अंदाजाने दुसरा सेल लावला तर त्याची जबाबदारी कुणाची? आणि डबा उघडला म्हणून वॉरंटी गेली, असं कंपनी म्हणणार. दुरुस्ती करणारा माणूस आमच्या बाजारात आहे. त्याला लागणारी माहिती आणि सुटा भाग मात्र कंपनीने अडवून ठेवला आहे.

‘कुरिअरने पाठवा’ हा सल्लाही तपासून पाहावा. लिथियम बॅटरीचा माल धोकादायक वर्गात मोडतो. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून नेण्यावर एप्रिल २०१६ पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे, आणि बिघडलेली किंवा फुगलेली बॅटरी तर विमानाने पाठवताच येत नाही. बॅटरी फुगल्याची तक्रार करणाऱ्या माणसाला ती पार्सल करून पाठवायला सांगणं म्हणजे त्याच्या हातात धोका देऊन आपले हात झटकणं. ती परत नेण्याची व्यवस्था ज्याने विकली त्यानेच करायला हवी.

कायद्याने ग्राहकाला पुष्कळ दिलं आहे, हे मी मानतो. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार मी जिथे राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करू शकतो, विक्रेत्याच्या शहरात जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी फी नाही. पक्कं बिल न देणं आणि सदोष माल ठरलेल्या मुदतीत, मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत न घेणं याला कायदा अनुचित व्यापारी प्रथा म्हणतो. १९१५ हा हेल्पलाइन क्रमांक आहे, ई-जागृती पोर्टल आहे. पण दोन हजारांच्या डब्यासाठी मजूर बाई गोंदियाला तारखांना जाणार का? ती जात नाही, आणि कंपनीलाही हे ठाऊक असतं. लहान वस्तूंच्या तक्रारी आयोगापर्यंत पोचत नाहीत, म्हणून त्या घडतच नाहीत असा समज होतो. महाग वस्तूचा ग्राहक भांडू शकतो. स्वस्त वस्तूच्या ग्राहकाला न्याय हवा असेल, तर तो वस्तू विकली जाण्याआधीच तिच्यात बसवलेला असला पाहिजे.

जगात हे भांडण याआधी झालेलं आहे. १९७९ चा सोनी वॉकमन दोन पेन्सिल सेलवर चालायचा. सेल संपले की किराणा दुकानातून दुसरे आणायचे, एवढाच प्रश्न असायचा. २००१ मध्ये आलेल्या अ‍ॅपलच्या आयपॉडमध्ये बॅटरी आत बंद झाली. २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या केसी आणि व्हॅन नीस्टॅट या भावांनी या बॅटरीवर एक छोटी फिल्म बनवली. नवी बॅटरी घालण्यापेक्षा नवा आयपॉड घ्या, असं उत्तर त्यांना मिळालं होतं, आणि तेच त्यांनी लोकांसमोर ठेवलं. त्याच वर्षी कंपनीने पैसे घेऊन बॅटरी बदलून देण्याची योजना आणली. अमेरिकेत सामूहिक दावाही उभा राहिला आणि २००५ मध्ये तडजोड होऊन पहिल्या तीन पिढ्यांच्या आयपॉडधारकांना ५० डॉलरची सवलत किंवा वाढीव वॉरंटी असं काही ना काही मिळालं. ग्राहक एकत्र आले तेव्हा एवढी मोठी कंपनीही हलली.

दुसरं उदाहरण आपल्या घराघरांतलं आहे. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने जाहीर केलं की मात्सुशिताने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बीएल-५सी बॅटऱ्यांपैकी काही चार्जिंगच्या वेळी जास्त तापू शकतात, त्या बदलून दिल्या जातील. भारतात तेव्हा मोठी घबराट उडाली होती. पण त्या घबराटीतही खेड्यातला माणूस नखाने फोनचं झाकण काढून बॅटरीवरचा क्रमांक वाचू शकत होता, बॅटरी काढून बाजूला ठेवू शकत होता, दुसरी घालू शकत होता. कंपनीला आपलं वचन पाळता आलं, कारण बॅटरी निघत होती आणि तिच्यावर नाव-क्रमांक होता. बीएल-५सीच्या मापाची बॅटरी आजही तालुक्याच्या बाजारात सहज मिळते आणि स्वस्त रेडिओंमध्ये ती घातलीही जाते. एकच माप सगळीकडे चाललं की दुरुस्ती आपोआप गावापर्यंत पोचते, त्यासाठी सर्व्हिस सेंटर उघडावं लागत नाही. दंडगोल १८६५० सेलचंही तेच आहे. १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी, कुणीही बनवो.

युरोपीय संघाने २०२३ मध्ये बॅटरीविषयक नियम केला. त्यानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा लहान उपकरणांतली बॅटरी, काही अपवाद सोडता, वापरणाऱ्याला स्वतः काढून बदलता आली पाहिजे आणि सुटी बॅटरी त्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही पाच वर्षं मिळाली पाहिजे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून काही वस्तूंवर दुरुस्तीयोग्यतेचे गुण छापावे लागतात. आपणही मागे नाही. जुलै २०२२ मध्ये आपल्या विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली, २४ डिसेंबर २०२२ रोजी त्याचं पोर्टल सुरू केलं, आणि दुरुस्तीयोग्यता निर्देशांकासाठी नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये अहवालही दिला. वस्तू किती सहज उघडते, सुटे भाग मिळतात का, दुरुस्तीची माहिती मिळते का, हे सगळं त्यात आहे. मात्र पहिल्या टप्प्यात स्मार्टफोन आणि टॅबलेट आहेत. स्मार्टफोनची दुरुस्ती आमच्या बाजारात आजही होते. ज्याची होत नाही तो गाण्यांचा डबा, ब्लूटूथ स्पीकर, चार्जिंगचा कंदील, हेच यादीबाहेर राहिले आहेत. गरीब घरातली विजेवरची वस्तू बहुधा हीच असते.

आता माझ्या मागण्या.

पहिली: वैध मापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ नुसार खोक्यावर उत्पादकाचं नाव, पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क छापावा लागतो. हे नियम आपल्याच विभागाकडे आहेत. बॅटरीवरच्या प्रत्येक वस्तूसाठी त्यात तीन ओळी वाढवा: बॅटरी वापरणाऱ्याला बदलता येते की नाही, सुटी बॅटरी किती वर्षं आणि किती किमतीला मिळेल, बंद ठेवल्यावर पूर्ण चार्ज किती दिवस टिकेल. या ओळी छापलेल्या असाव्यात, क्यूआर कोडमागे लपलेल्या नसाव्यात. आमच्या बाजारात उभं राहून कोड उघडण्याइतकं नेटवर्क मिळेलच असं नाही.

दुसरी: दुरुस्तीयोग्यता निर्देशांकाच्या पुढच्या टप्प्यात गाणी वाजवणारी आणि बॅटरीवर चालणारी लहान उपकरणं घ्या, आणि प्रचलित मापाची बॅटरी वापरणाऱ्याला जास्त गुण द्या.

तिसरी: लिथियम बॅटरीला आज आयएस १६०४६ हे मानक आहे. ते सुरक्षिततेचं मानक आहे आणि गरजेचंच आहे. त्याच्या जोडीला संपूर्ण उपकरणासाठी टिकाऊपणाची चाचणी हवी, आणि ती आपल्या उन्हाळ्याच्या तापमानात घ्यावी.

चौथी: वॉरंटीत असलेली वस्तू जिथून विकत घेतली त्याच दुकानात स्वीकारणं बंधनकारक करा. माल दुकानापर्यंत आणणारी गाडी रिकामी परत जाते. तीच बिघडलेला माल नेऊ शकते.

पाचवी: ग्राहकाच्या होकाराशिवाय कुठलीही तक्रार ‘निवारण झाली’ म्हणून बंद करता येऊ नये, आणि ज्या राज्यात वस्तू विकली जाते त्या राज्याच्या भाषेत हेल्पलाइनवर बोलता यावं.

कंपन्या म्हणतील, बॅटरी निघेल अशी केली तर किंमत वाढेल, पाणी आत जाईल. पाण्यापासून वाचवायची वस्तूही रबराची पट्टी आणि चार स्क्रू लावून उघडण्याजोगी करता येते, हे विजेऱ्या बनवणाऱ्यांनी कधीच दाखवलं आहे. किंमत थोडी वाढलीच तर आम्ही ती देऊ. एक डबा पाच वर्षं चालला तर तो महाग पडत नाही. वर्षा-वर्षाला नवा घ्यावा लागतो तोच महाग पडतो.

आणखी एक गोष्ट नागझिऱ्याच्या शेजारी राहतो म्हणून लिहितो. हे मेलेले डबे जातात कुठे? २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. आमच्या गावांत त्यासाठी एक पेटीही दिसत नाही. फुगलेली बॅटरी उकिरड्यावर, बांधावर, ओढ्यात पडते. चेचली गेली तर ती पेट घेऊ शकते. इथे उन्हाळ्यात जमिनीवर वाळल्या पानांचा थर असतो. एप्रिल २०२१ च्या नागझिऱ्यातल्या वणव्यात आग विझवायला गेलेल्या वनमजुरांचे जीव गेले, ते दुःख या गावांत अजून ताजं आहे. अशा ठिकाणी आगीची एकही नवी शक्यता आम्हाला नको. तेंदूपत्ता जमा करण्याच्या फळीवर, रेशन दुकानात, ग्रामपंचायतीत बॅटऱ्या जमा करायची पेटी उत्पादकांच्या खर्चाने ठेवता येईल.

महाराष्ट्राला ग्राहकाच्या हक्काची भाषा नवी नाही. बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात १९७४ मध्ये ग्राहक पंचायतीचं काम उभं केलं, पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली, आणि संसदेचा पहिला ग्राहक संरक्षण कायदा यायला १९८६ उजाडावं लागलं. लोकांनी आधी मागितलं, कायदा मागून आला. आज आम्ही जंगलाकाठची माणसं मागतोय. आमच्यासारख्याच वाचकांनाही विनंती आहे की पक्कं बिल घ्या, खोका जपून ठेवा, १९१५ वर नोंद करा आणि वस्तू लहान आहे म्हणून गप्प बसू नका. नोंदी झाल्या तरच हा प्रश्न दिल्लीत मोजला जाईल.

सन्माननीय सचिव, २४ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिन असतो. येत्या ग्राहक दिनाच्या आत वर लिहिलेल्या तीन ओळींचा मसुदा हरकती आणि सूचनांसाठी प्रसिद्ध करा. तो मराठीतही काढा. नागझिऱ्याच्या चारही गेटांच्या गावांतून त्यावर सूचना येतील, हे पाहण्याची जबाबदारी मी घेतो.

आपला,
नागझिरा परिसरातील एक ग्राहक
ता. तिरोडा, जि. गोंदिया